कस्तुरीमृगाचा चारा

कादर शिकारखान्यातला राखणदार. पर्वतीच्या पायथ्याशी सरकारचे वाघ, चित्ते, सांबरं असत आणि नवं जनावर आलं की ते आधी त्याच्या हवाली होई. घर त्याचं गणेश पेठेत, नागझरीच्या कडेला. जनावराशी तासभर बोलणारा हा माणूस घरी दोन शब्दांत भागवी. त्याची बायको मदिनाबी म्हणायची, "मला शेपूट असती तर माझ्याशीही बोलले असते."

शके सतराशे अकरात त्याला हुकूम झाला, हिमालयातून जिवंत कस्तुरीमृग आणायचा. केदाराच्या यात्रेकरूंबरोबर तो निघाला. वर्ष गेलं, दुसरं लागलं. यात्रेकरू परत आले आणि म्हणाले, तो आमच्याबरोबर नव्हता, वरच्या रानात गेला. वरच्या रानातून कोणी येत नाही, असंही एकाने सांगून टाकलं. गल्लीतल्या बायका मदिनाबीच्या काकणांकडे बघू लागल्या. तिने काकणं उतरवली नाहीत. शेजारची मुक्ताबाई माळीण रोज तिच्या ओट्यावर येऊन बसे आणि कादर सोडून गावातल्या सगळ्यांबद्दल बोले.

कादर तेव्हा केदाराच्याही वर, भूर्जांच्या रानात होता. तिथे झाडांच्या फांद्यांवरून शेवाळासारख्या करड्या-हिरव्या दाढ्या लोंबतात. पहिल्या हिवाळ्यात थंडीने त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं झडली, पण त्याने एक गोष्ट पाहिली. बर्फाने गवत झाकलं की कस्तुरीमृग मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि त्या दाढ्या ओढून खातो. महिनोन्‌महिने तेवढंच. पुढच्या वर्षी त्याने एक कोवळा नर धरला, बिनशिंगाचा, नुकते सुळे फुटलेला, आणि त्याच्याबरोबर तट्टावर तीन पोती दाढ्या घेतल्या.

त्याची रीत ठरलेली होती. परमुलखातलं जनावर आपल्या चाऱ्यावर एकदम आणायचं नाही. रोज चिमूटभर त्याचा चारा कमी, चिमूटभर आपला पाला जास्त. चार महिन्यांत त्याला कळतही नाही की आपला डोंगर सुटला. वाटेपुरता चारा वेगळा होता; तीन पोती पुण्यातल्या या चार महिन्यांसाठीच होती. त्यातल्या एकाला नर्मदा ओलांडताना पाणी लागलं आणि ते अर्धं कुजलं.

सतराशे तेराचा चैत्र सरता सरता तो पुण्यात पोचला. शिकारखान्यात उंदीर-घुशी फार, म्हणून कोरडी दोन पोती त्याने घराच्या दारात उतरवली, उरलेलं अर्धं बरोबर ठेवलं. मदिनाबी उंबऱ्यात उभी होती.

"ही नीट ठेव," कादर म्हणाला. "जनावर उन्हात आहे. येतो."

आणि गेला. शिकारखान्याचे दारोगा सर्जेराव पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "शिंगं नाहीत, सुळे आहेत. कादर, दोन वर्षं फिरून कुत्रं तर नाही आणलंस?" कादर हसला. वाळ्याचे ओले पडदे बांधून तो पिंजऱ्यापाशीच राहिला. मदिनाबी रोज दुपारी भाकरी घेऊन पर्वतीपर्यंत चालत जाई. तो भाकरी हातात घेई, आणि पुन्हा पिंजऱ्याकडे तोंड करी. मृग त्याच्या तळहातावरून खाऊ लागला होता. बाराव्या दिवशी पाल्याची दोन पानंही त्याने चघळली. त्याच दिवशी अर्ध्या पोत्याचा तळ लागला.

कादर घराकडे निघाला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला भाजलेल्या मसाल्याचा वास आला. वैशाख लागला होता, घरोघरी वर्षाचा मसाला कुटणं चाललं होतं.

"त्यातलं एक पोतं दे," तो म्हणाला.

मदिनाबीचा चेहरा उजळला होता. तिने मन्नत मागितली होती, माणूस जिवंत परत आला तर गल्लीत एक घर कोरडं ठेवणार नाही. तिच्या हातचं शिजवलेलं अर्ध्या गल्लीला चालत नसे, कोरडा जिन्नस मात्र सगळ्यांना चाले. आणि नवऱ्याने आणलं होतं दोन पोती दगडफूल. असं लांबलचक दगडफूल कोणी पाहिलं नव्हतं. मुक्ताबाईनेच हुंगून सांगितलं होतं, उत्तरेकडचं आहे, म्हणून असं. ऐन मसाल्याच्या दिवसांत! तिने ते वाटी-वाटी भरून घरोघर वाटलं, लांबच्या आळीतसुद्धा.

"किती उरलंय?" कादरने विचारलं.

"उरेल कसं? पोती धुऊन वाळत घातलीत." मग त्याचा चेहरा पाहून ती चाचरली. "वाटायलाच आणलं होतं ना?"

फळीवर वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून प्रत्येक घराने त्यात आपला मसाला घालून पाठवला होता. लाल, काळा, तिखट, दरवळणारा. कादरने एका वाटीत बोट घातलं, वास घेतला, आणि वाटी जागेवर ठेवली.

"हो," तो म्हणाला. "वाटायलाच आणलं होतं."

त्याने बाजारातलं दगडफूल नेलं. त्याला लवंग-मिऱ्यांचा वास लागला होता, मृगाने तोंड फिरवलं. मग तो अधू पायाने सिंहगड चढला, झाडाखोडांवरून दगडफुलासारखं जे मिळालं ते खरवडून गाठोडं बांधलं. येताना घरावरून आला, पाणी प्यायला. मदिनाबीने पाणी दिलं. गाठोड्याची गाठ सुटली होती. तिने आत पाहिलं, मग त्याच्या रक्ताळलेल्या नखांकडे पाहिलं. गाठ तिने पुन्हा घट्ट बांधून दिली.

गडावरचं ते मृगाने हुंगलं, एकदा चाटलं. शेवटच्या दिवशी तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि वाळ्याच्या ओल्या पडद्याचे लोंबते धागे ओढून चघळू लागला. कादरने ते काढून घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत मृग आडवा झाला होता.

सर्जेरावांनी विचारलं, काय लिहायचं?

"ऊन सोसलं नाही," कादर म्हणाला. घरीही त्याने तेच सांगितलं.

मदिनाबीने मान हलवली. शेजारच्या वाट्यांतला मसाला त्या वर्षी दोघांनी खाऊन संपवला. अन्न टाकायची रीत नव्हती.

पुढच्या वैशाखात ती ओट्यावर मसाला कुटत होती. मुक्ताबाईने चिमूट तोंडात टाकली. "अगं, दगडफूल विसरलीस की."

"नाही मिळालं," मदिनाबी म्हणाली.

आत कादर जेवत होता. बाजारात दगडफुलाचे ढीग लागले होते, येतानाच त्याने पाहिले होते. त्याचा घास हातातच राहिला. मग तो उठला, ओट्यावर आला आणि तिच्यासमोर बसून त्याने दुसरं मुसळ उचललं. मुक्ताबाईला काही कळलं नाही, पण ती उठून घरी गेली.

त्या घरचा मसाला पुढे कायम तसाच राहिला.