पुस्तकातली रेती

कांताकाकू, मी गाव सोडलं त्या सकाळी भिवापूरच्या बसस्टँडवर तुम्हीही आला होता. आईने माझ्या पिशवीत तिखटाचा डबा कोंबला, बस सुटता सुटता खिडकीशी आली आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नागपूरले मोठी लायब्ररी असंन. समुद्राचं पुस्तक भेटलं त आणजो गा!" बसमधले लोक हसले. मी मान खाली घातली. तिच्या आवाजाची लाज वाटायला बहुधा तिथूनच सुरुवात झाली.

नोकरी नागपुरात सदर भागात लागली आणि ऑफिसजवळच एक लायब्ररी निघाली. तिथे समुद्राकाठच्या गावांच्या जुन्या कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट होतं. खाडी, तरीची होडी, माडांची वाडी, बोटीवर गेलेला नवरा आणि धक्क्यावर वाट बघणारी त्याची बायको. पुस्तक बदललं तरी ती बायको तीच. महिन्यातून एकदा मी घरी यायचो, एक पुस्तक द्यायचो, एक परत न्यायचो.

ती पुस्तकं आई एकटीने कधी वाचत नसे, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. सातऱ्यावर, मिरच्या वाळवायच्या त्या मोकळ्या आवारात, मांडवाखाली वाळल्या मिरच्यांचे ढीग घेऊन तुम्ही बायका देठ खुडत बसायच्या. सातवीपर्यंत शिकलेली ती एकटीच. ती मोठ्याने वाचायची आणि तिच्या वाट्याचे देठ तुम्ही सगळ्या मिळून खुडायच्या. मिरचीच्या खाटाने सगळ्यांचेच डोळे वाहायचे, त्यामुळे गोष्टीसाठी कोण रडतंय ते कळायचं नाही. एकदा तुम्ही विचारलं होतं, "एवढं पाणी हाय त वावराले काहून देत नाही ते लोक?"

"खारं असते वं ते."

"मंग कायच्या कामाचा समुद्र?"

"पाहाच्या कामाचा," आई म्हणाली होती. नागपूरला पाय रोवले की तुला समुद्र दाखवतो, असं मी तिला त्याच दिवशी म्हणालो. काकू, तुम्ही ऐकलं होतंत.

पाय रोवले. फ्लॅट झाला, लग्न झालं, दोन मुलं झाली. मग एका सुट्टीत ऑफिसमधल्या दोन कुटुंबांबरोबर कोकणात जायचं ठरलं. बायको म्हणाली, आईंना नेऊ या. मी म्हणालो, तिला एवढा प्रवास झेपायचा नाही. ते खोटं होतं. हॉटेलात, साहेबांच्या बायकोसमोर आई त्या आवाजात "काहून गा" म्हणेल, याची मला धास्ती होती. फोनवर आईला सांगितलं, पुण्याला ट्रेनिंग आहे. मुलांनाही तेच बोलायला शिकवलं. हे आजवर मी कुणाजवळ बोललो नाही.

तिच्यासाठी आणलेली कादंबरी तेवढी बॅगेत राहून गेली. ती मी किनाऱ्यावर पालथा पडून वाचली.

परतल्यावर रविवारी ती घेऊन सातऱ्यावर आलो. आईने मांडीवर पुस्तक उघडलं आणि शिवणीतून चिमूटभर रेती लाल मिरच्यांवर सांडली. तिने बोटाला लावून ती जिभेवर ठेवली.

"अवं सुमन, मिरचीचा हात तोंडात!" तुम्ही ओरडलात.

आई माझ्याकडे बघत होती. मग हळू, तिला इतकं हळू बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं, म्हणाली, "पोरांले आवडला का गा?"

"काय?" मी म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं नाही.

"काय म्हणून राहिली वं?" तुम्ही विचारलंत.

"काही नाई," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "त्या लायब्ररीत झाडून नाही घेत वाटते पुस्तकं." पान झटकलं आणि वाचायला लागली. माझी लाज तिने सगळ्यांसमोर झाकली.

पुढच्या महिन्यात पुस्तक परत देताना एवढंच म्हणाली, "आता दुसरं काही आणजो. समुद्र वाचून झाला माहा."

त्यानंतरही बरीच वर्षं ती होती. मी तिला कुठेही नेऊ शकलो असतो. पण न्यायचं म्हटलं तर आधी खरं बोलावं लागलं असतं.

ती गेल्यापासून मी त्या कपाटातली पुस्तकं एकेक करून आणतो. कागद पिवळे पडलेत, गोष्टी भाबड्या आहेत. मनातल्या मनात वाचली तर चार पानांपुढे जात नाहीत. म्हणून दार लावून मोठ्याने वाचतो. परवा मुलगी दारात येऊन म्हणाली, "बाबा, आवाज किती मोठा झालाय तुमचा!" मला ते ऐकून बरं वाटलं.

काकू, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हा कागद घेऊन येत्या रविवारी मी स्वतःच येतोय. हंगाम चालू आहे, तुम्ही मांडवात असालच. आधी हे वाचून दाखवीन. शिव्या द्यायच्या तर द्या. त्यानंतरही बसू दिलंत, तर पिशवीत तीच कादंबरी आहे, तीही वाचीन.

नागपुरात माझं घर आहे, दारावर पाटी आहे. पण आपण वाचत बसावं आणि आपल्या वाट्याचे देठ दुसऱ्यांनी खुडावेत, अशी जागा मला एकच ठाऊक आहे. माझ्या वाट्याचे खुडाल का?