सुजाताची कार्डं आणि इंदूताईंचा डबा

गादीखाली रिकाम्या पिशव्या कशा साठतात ते कुठल्याच बाईला सांगता यायचं नाही. टाकायला जावं तर 'असू दे, लागेल' असं वाटतं. माझ्या डोक्यात किस्से असेच साठलेत. त्यातले निम्मे तरी आमच्या बुवापाड्याच्या चाळीतले, आणि त्यातले सगळ्यात जास्त इंदूताईंच्या सुजाताचे. तेव्हा आज तेवढीच घडी उलगडते.

माझी खोली जिन्याजवळची पहिली. समोर नळ. त्यामुळे पोस्टमन सगळ्या चाळीचं टपाल माझ्याकडेच देऊन जायचा. लोक म्हणतात शैलाला चौकशा फार. अहो, जिच्या दारात टपाल आणि दारासमोर नळ, तिनं काय डोळे मिटून बसायचं?

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. इंदूताईंचे मालक जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. कारखान्यातली नोकरी होती त्यांची. घरात दोघीच, मायलेकी. सुजाता कंप्युटर शिकली, नोकरीला लागली आणि कंपनीनं तिला एक वर्षासाठी थेट लंडनला धाडलं. चाळीतनं परदेशी गेलेलं पहिलं माणूस! निघताना इंदूताई एकच बोलल्या, "वर्ष म्हणजे बारा महिने. तेरावा मोजायला लावू नकोस."

*

पहिलं कार्ड आलं ते पॅरिसचं. पुढे तो लोखंडी मनोरा, मागे सुजाताचं बारीक अक्षर. कार्ड उघडंच असतं, त्याला मी काय करणार? मी वाचलं. नळावर बायका होत्या, त्यांना थोडं सांगितलं. मग इंदूताईंना नेऊन दिलं.

त्यांनी कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "हं, काय लिहिलंय सांग. तुझं वाचून झालंय, मी कशाला पुन्हा चष्मा शोधू?"

लिहिलं होतं असं, की शनिवारी सकाळी विमानानं गेले, रविवारी संध्याकाळी परत. विमानाला फक्त सव्वा तास लागला.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, "अहो, सव्वा तासात दुसरा देश!"

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू साडीला फॉल लावायला उल्हासनगरला जातेस तर चार तास लागतात!"

*

मग कार्डांची रांगच लागली. तिकडे सगळी मोठमोठी शहरं एकमेकांच्या शेजारी, जशा आमच्या खोल्या. शुक्रवारी ऑफिस सुटलं की पोरगी पिशवी उचलायची.

रोमचं कार्ड आलं. त्यावर एक भलीमोठी गोल इमारत, अर्धी पडलेली, खिडक्यांना दारं नाहीत, वरचा मजला गायब. ह्यांनी कार्ड उजेडात धरून नीट न्याहाळलं आणि म्हणाले,

"पागडीची दिसते. मालक दुरुस्ती करत नाही!"

व्हेनिसचं कार्ड आलं तेव्हा चामटोलीची भाजीवाली सोनूबाई टोपली उतरवून बसली होती. तिलाही दाखवलं. घराच्या पायरीपर्यंत पाणी आणि दारात होडी.

सोनूबाईनं बघितलं आणि तिचं तोंडच वाकडं झालं. "आमचे गावान पावसाचे दोन म्हैने असाच पानी असतंय. त्याचा कार्ड कोन छापीत नाय!"

*

सुजाता लंडनला जाण्याआधी इंदूताई आणि मी तिच्यासाठी स्वेटर घ्यायला उल्हासनगर कॅम्प एकच्या बाजारात गेलो होतो. सिंधी दुकानदारानं ढिगातून एक लाल स्वेटर काढला. छातीवर इंग्रजीत मोठ्ठं 'पॅरिस' लिहिलेलं.

"एकदम इम्पोर्टेड, मॅडम!"

इंदूताईंनी स्वेटर उलटा करून शिवण बघितली. "मागच्या गल्लीतून इम्पोर्ट केला काय?"

घेतला मात्र तोच. पोरगी तोच घालून पॅरिसला गेली आणि मनोऱ्यासमोर उभं राहून तिनं फोटो काढला! फोटो आला तसा मी इंदूताईंना घेऊन त्याच दुकानात गेले. म्हटलं, "देखो शेठ, आपका स्वेटर पॅरिस जाके आया!"

शेठजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले,

"मायके गया था, मॅडम. वापस आते टाइम रोया तो नहीं?"

*

बदलापूरची एक लांबची आत्या सुजातासाठी स्थळ घेऊन आली. चहा झाला, बिस्किटं झाली आणि मग तिनं विषय काढला. "मुलगी तिकडं दर आठवड्याला फिरायला जाते म्हणे. एकटीच?"

मी दारातच उभी होते, मीठ मागायला आले होते.

इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "एकटी कशी? विमानात दोनशे माणसं असतात."

आत्यानं कप खाली ठेवला तो ठेवलाच.

*

आता डब्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्या चाळीत शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटीभर आमटी आली तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी हवंच. काहीच नसेल तर साखरेची चिमूट. इंदूताई ह्या बाबतीत फार कडक. सुजाता निघाली तेव्हा त्यांनी शेंगदाण्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा दिला. झाकणावर मालकांचं नाव कोरलेला डबा. म्हणाल्या, "जिच्या घरात राहशील तिला दे."

सुजातानं खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीला, बार्बराबाईंना, तो दिला. बाईंनी लाडू खाल्ले, डबा लख्ख घासला, पुसला आणि रिकामा परत केला.

रविवारी माझ्याकडच्या फोनवर हे कळलं. (फोन आमच्याकडे होता. मी शेजारी बसायचे, फोन आमचाच होता ना!) इंदूताईंचा चेहरा उतरला. "सुजाता, तुझं काही चुकलं का? तुझ्यावर रागावली का ती?"

"अगं आई, इकडे तशी पद्धत नसते."

"पद्धत नसते म्हणजे? शेजारी असतात ना? मग तिला सांग."

पोरीनं खरंच सांगितलं! आणि बार्बराबाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की डबा जिन्यावर वर-खाली सुरू झाला. वरून पोहे आले की खालून सफरचंदाचा केक, वरून शिरा की खालून मुरंबा. एकदा बाईंच्या घरात काहीच नव्हतं, तर त्यांनी डब्यात तीन कांदे घालून पाठवले.

हे ऐकलं आणि इंदूताई गालात हसल्या. "आता ती आपल्या चाळीतली झाली."

*

वर्ष संपत आलं आणि कंपनीनं सुजाताला विचारलं, आणखी तीन वर्षं राहतेस का? पगार वाढवू म्हणाले. महिनाअखेर उत्तर हवं होतं.

फोनवर इंदूताई एवढंच म्हणाल्या, "तुझं तू ठरव, बाळा." फोन ठेवला आणि घरी गेल्या. त्यानंतर दोन दिवस त्यांच्या खोलीतून भांडी घासल्याचाच आवाज येत होता. एका माणसाची भांडी ती किती!

मी त्यांना म्हटलं, "ये म्हणून सांगायचं ना सरळ."

"तिला सगळी गावं दीड-दोन तासांवर आहेत, शैला. आपलंच लांब पडतं. लांबच्यानं आग्रह करू नये."

बुधवारी सकाळी फोन आला. आवाज तुटत होता. "आई, शनिवारी येतेय! बाकी कार्डात लिहि..." आणि लाइन कट.

शनिवारी म्हणजे? दर शनिवारी जाते तशी? मी रोज पोस्टमनची वाट बघितली. गुरुवारी माझ्या नणंदेचं पत्र आलं, शुक्रवारी विजेचं बिल. कार्ड नाही.

*

शनिवारी सकाळी रिक्षा आली. सुजाता उतरली. तोच लाल स्वेटर हातावर, खांद्याला एक छोटी बॅग. आमच्या सगळ्यांच्या नजरा त्या बॅगेवर. दोन दिवसांच्या कपड्यांची बॅग! आजूबाजूची पोरं रिक्षात वाकून बघून आली. आत दुसरं काही नव्हतं.

इंदूताईंनी बॅग बघितली, लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुकटीची चटणी केलीय. हातपाय धू."

बस. एक प्रश्न नाही! आणि खोटं कशाला सांगू, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याही तोंडून प्रश्न निघाला नाही.

बॅगेतून तो स्टीलचा डबा निघाला. बार्बराबाईंनी केक भरून पाठवला होता. चाळीत तुकडा तुकडा वाटला. सगळे 'छान छान' म्हणत होते, पण डोळे त्या छोट्या बॅगेवरच होते. सुजाता सारखी आईकडे बघायची आणि नजर वळवायची. दुपारी बुद्धविहारात जाऊन आली, आली तशी झोपली.

रविवारी सकाळी इंदूताईंनी मला शेंगदाण्याची सालं काढायला बोलावलं. कढई गरम, गूळ चिरलेला. लाडू वळत होत्या, पण मान वर करत नव्हत्या. मी हळूच म्हटलं, "इंदूताई, विचारा तरी. कधीचं विमान आहे?"

"विचारलं की ती सांगेल. असू दे."

डबा भरला. मालकांच्या नावावरून पदर फिरवला, झाकण दाबलं आणि तो लेकीपुढे धरला. तोपर्यंत दारात निम्मी चाळ जमली होती. "घे. त्या बाईला दे. रिकामा डबा नेऊ नकोस."

सुजातानं डब्याकडे बघितलं, मग आईकडे.

"मी कशाला नेऊ? पोस्टानं पाठव की."

"पोस्टानं?"

"मी आता परत कुठं जातेय, आई? मोठं सामान बोटीनं येतंय. कार्डात सगळं लिहिलं होतं मी! तू कालपासून काहीच बोलली नाहीस, मला वाटलं तुला पटलं नाही. माझं कार्ड मिळालं नाही का?"

आणि मग इंदूताईंनी, सुजातानं, दारातल्या निम्म्या चाळीनं आणि आमच्या ह्यांनीसुद्धा एकदम माझ्याकडे बघितलं.

"शप्पथ!" मी ओरडले. "आलंच नाही हो कार्ड!"

एकानंही विश्वास ठेवला नाही.

ते कार्ड त्यानंतरच्या बुधवारी आलं. चित्राची बाजू वर धरून मी नळावरच्या एकेकीला दाखवलं. म्हटलं, आत्ता आलंय, विचारा पोस्टमनला, तो बघा अजून कोपऱ्यावर आहे! आणि न वाचता, अगदी न उलटता, ते इंदूताईंच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा शोधला. कार्ड उलटं करून शेवटपर्यंत वाचलं. मग पदरानं डोळे पुसले आणि ते माझ्याच हातात परत ठेवलं.

"घे, वाच मोठ्यानं. तू सांगितल्याशिवाय मला वाचल्यासारखं वाटत नाही."