गुळाशी माझी बरोबरी

मी जाड आहे. ही तक्रार नाही, माहिती आहे.

रोज सकाळी कालव्याच्या कडेनं चांगली लांबवर चालून येते. जेवणात बाजरीची भाकरी आणि पालेभाजी. साखर नाही की बीपी नाही. डॉक्टर म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे, असंच चालू ठेवा." पण डॉक्टरांचं ऐकतंय कोण? कांदे घ्यायला आलेला व्यापारीसुद्धा जाता जाता मला डाएट सांगतो!

मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला. तेव्हा सासूबाईंनी ओझरच्या विघ्नहराला नवस बोलला, "सून उठून बसू दे, तिच्या वजनाचा गूळ वाहीन." मी उठले. नुसती उठले नाही, चांगली भरले! लगेच आमचे सचिन भावजी (पुण्यात जिम लावल्यापासून दारातून आडवे शिरतात) म्हणाले, "वयनी, आधी बारीक व्हा, मग गूळतुला करू. गूळ तरी कमी लागंल!"

माझं डोकंच फिरलं. "भावजी, नवस कुणाला बोललाय? लंबोदराला! त्याला सांगितलंत कधी मोदक कमी करायला?"

"गप रं सच्या!" सासूबाई कडाडल्या. "देवाच्या मापात पाप न्हाई करायचं." मग मला कांद्याच्या काट्यावर उभं केलं (हो, गोण्या मोजतात तोच!) आणि नेमका तेवढा गूळ आणला.

तुलेच्या दिवशी सकाळी भावकीतल्या झाडून साऱ्या बायकांनी माझी ओटी भरली. अंगणातल्या कडुनिंबाला मोठी तागडी टांगली. एका पारड्यात गुळाच्या ढेपा, दुसऱ्यात मी. माझं पारडं खाली गेलं, ते खालीच!

"चार दिसांत वाढली व्हय गं?" चुलत सासूबाई म्हणाल्या.

"चीट मील! दुसरं काय?" भावजी.

"आणखी गूळ आणा की राव!" कुणीतरी ओरडलं.

"आज बाजार बंद हाय," आमचे हे म्हणाले.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "माझा नवस अर्धा ऱ्हातूय आता." ते बघून मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"याच शरीरानं तापाशी झुंज दिली!" मी पारड्यात बसूनच भाषण ठोकलं. "हेच कांदे काढतं, हेच तुमच्या भाकऱ्या थापतं! मला वजनाची लाज नाही! यापुढं माझं वजन कुणी मोजायचं नाही!" (हे तागडीत बसून!)

तावातावानं उठायला गेले. पारडं हेलकावलं, कमरेची गाठ सुटली आणि धडाधड नारळ गडगडले. त्यामागून गहू! अख्ख्या भावकीची ओटी कमरेला बांधून मी तुलेला बसले होते, आणि हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्यासकट.

"मग ओटी काढून बसवा की!" भावजी म्हणाले.

"भरली ओटी काढत्यात व्हय? ती बी देवाचीच," सासूबाईंनी डोळे पुसले. "सच्या, तुझा त्यो भुकटीचा डबा आण."

"आये, प्रोटीन हाय ते! अजून फोडला बी न्हाई!"

"मग तर देवाला चालंल."

ओटी पुन्हा बांधून मी बसले, डबा गुळावर ठेवला आणि पारडी बरोबर झाली. गूळ, डबा सगळं ओझरला वाहिलं आणि नवस फिटला. परतताना मी गाडीत ताठ मानेनं बसले होते. वजनावरून बोलायची कुणाची छाती होती?

घरी आल्यावर मात्र नवऱ्याला हळूच बाजूला घेतलं. "अहो, कांद्याचा काटा कुठं ठेवलाय? नारळ सोडून नेमकी किती भरते, तेवढंच बघू. थांबा, आधी चपला काढते!"