साहेबांवर घेतलेला पाठ

छाया भोयर मॅडमना एकच खोड होती. वस्तू हातात घेतल्याशिवाय त्यांना शिकवताच येत नसे. अल्लीपूरच्या पुढच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होता, आणि एवढ्या वर्षांत एकही धडा नुसत्या फळ्यावर झाला नाही. लिटर शिकवायला त्यांनी घागरभर ताक आणलं. पोरांनी मापं भरली, पिऊन टाकली, आणि पुन्हा मापायला काही उरलंच नाही. मुळं शिकवायला शाळेशेजारच्या वावरातली तूर उपटून आणली. वावरवाला भांडायला आला, तर त्यालाच वर्गापुढे उभं करून म्हणाल्या, "आता हे काका मुळांचं काम सांगतील." काकांनी सांगितलंही बिचाऱ्यांनी.

असल्या गोष्टी लपून राहतात थोड्याच! यंदा शाळातपासणीला नवे साहेब आले, साळवी नावाचे, थेट कोकणातून. त्यांनी निरोप धाडला: पाठ बघायला स्वतः येतो. पोरखेळ दिसला, तर चौथी दुसऱ्या शिक्षकाकडे. झालं! चौथी म्हणजे त्यांचा जीव होता, आणि जीव काही अर्ज करून परत मिळत नाही.

पाठ होता आपल्या राज्यातल्या माणसांचा: जशी भूमी, तसं राहणं. कोकणात पावसासाठी उतरती छपरं, वगैरे वगैरे. शहाण्या बाईनं पुस्तक उघडून वाचून दाखवलं असतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जाते का? आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्याच, "पोट्टेहो, आपल्या वर्ध्याच्या उन्हात आपण कशाच्या भरवशावर जगतो, थे उद्या घरून घेऊन येजा."

एप्रिल सरत आला होता. शाळा सकाळची, पण साहेबांसाठी चौथीला थांबवून ठेवलं होतं. धम्मदीपनं दोन कांदे आणले, वर्षालीनं बाटलीभर कैरीचं पन्हं, जागृतीनं आजीचा पांढराशुभ्र दुपट्टा. ऋतिकनं कमाल केली. घरच्या कुलरची वाळ्याची ताटीच उपसून आणली, कोणाला न विचारता.

बाराच्या ठोक्याला साहेब फटफटीवरून आले. बोडक्या डोक्यानं!

"साहेब, डोक्याले काई बांधलं नाई?" मॅडमनी भीत भीत विचारलं.

"कशाला? ऊन कुठंय, मॅडम? घामाचा एक थेंब नाही बघा. आमच्याकडे आत्ता सदरा पिळावा लागला असता."

आता या माणसाला काय सांगावं! इथला घाम दिसेल कसा? अंगावर यायच्या आतच तो वाळतो, आणि अंगातलं पाणी कधी आटलं ते आटणाऱ्यालाच कळत नाही. चौथीच्या पोरांना हे ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं, आणि साहेबांना सांगणार कोण?

"करा सुरू," म्हणत साहेब खुर्चीत टेकले. मॅडमचं पहिलं वाक्य व्हायच्या आत ते म्हणाले, "फळा जरा सरळ लावा हो. हलतोय." फळा तर भिंतीतच पक्का बसवलेला होता.

"लू लागली!" जागृती ओरडली. "ऊन लागलं, धरा रे साहेबाले!"

मग काय विचारता! अख्खी चौथी साहेबांवर तुटून पडली. त्यांना उचलून सतरंजीवर निजवलं, बूट ओढून काढले. जागृतीनं दुपट्टा ओला करून डोक्याला असा गुंडाळला की साहेबांचं नाकच तेवढं बाहेर राहिलं. ताटीवर बादली उपडी करून ती पंख्यापुढे धरली. मॅडम आधी चांगल्याच भेदरल्या, मग अंगातली खोड जागी झाली.

"वर्षाली, पन्हं घोट घोट पाजजो! धम्मदीप, कांदा फोड अन् तळव्याले घास!"

"नको, नको, गुदगुल्या होतात!" साहेब दुपट्ट्यातून खिदळले.

"सहन करा, साहेब," धम्मदीप म्हणाला आणि दुसरा कांदा त्यानं त्यांच्या खिशात कोंबला.

थोड्या वेळात साहेबांचा चेहरा निवला आणि वाळ्याच्या गार वासात ते चक्क घोरू लागले. मॅडमनी पोरांना घरी जायला सांगितलं. तर कोणी हलेना.

"काऊन नाई जात?"

"कसे जाऊ, मॅडम? माह्या आजीचा दुपट्टा साहेबाच्या डोक्याले आहे," जागृती म्हणाली. ऋतिकला तर ताटी घेतल्याशिवाय घरी तोंड दाखवायची सोय नव्हती. मॅडम भिंतीला टेकून बसल्या. गेली आपली चौथी, त्यांनी मनाशी धरून टाकलं.

अडीचला साहेब उठले. एका पायाला मोजा, दुसऱ्याला कांद्याची साल. त्यांनी शेऱ्याची वही मागितली, पेन उघडलं आणि थबकले.

"पण मी लिहू काय? पाठ तर मी बघितलाच नाही."

"तुमी जिवंत आहा," जागृती म्हणाली, "थेच लिवा ना, साहेब."

साहेबांनी वही मांडीवर ओढली. मग खाली मान घालून त्यांनी लिहिलं: 'पाठ अंगी लागला. चौथी यांच्याकडेच ठेवावी.' मॅडमना एवढा आनंद झाला की पोरांसमोरच त्यांना रडू कोसळलं.

साहेब बूट चढवून निघाले. जागृती दारात आडवी आली.

"पाच वाजेलोक बाहेर नाई जायचं. बसा."

आणि साहेब मुकाट्यानं चौथीच्या रांगेत जाऊन बसले.