खोकला येतो, शब्द येत नाही

“बाई, तुमच्या गळ्याला काहीही झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कोणाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. मला मात्र एखादी गाठ, एखादं गळू, काहीतरी दाखवण्याजोगं निघायला हवं होतं. कारण माझ्या मागे भिंतीला टेकून आमच्या सासूबाई उभ्या होत्या.

डॉक्टरांनी कपाळाला गोल आरसा बांधला होता. खिडकीतलं ऊन त्यावर घेऊन, लांब दांडीचा छोटा आरसा माझ्या घशात घालून त्यांनी आत पाहिलं. याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात, म्हणजे आवाजाची जागा डोळ्यांनी पाहणं. त्यांनी ‘ई’ म्हणायला सांगितलं. नुसती हवा आली. मग खोकायला सांगितलं, तर चांगला मोठा खोकला आला.

“याला फंक्शनल अफोनिया म्हणतात,” ते म्हणाले. “अफोनिया म्हणजे आवाज जाणं. फंक्शनल म्हणजे अवयव धड आहे, पण काम करत नाही. खोकताना तुमचे स्वरतंतू मिटतात, बोलताना मिटत नाहीत.”

एवढ्या सगळ्यातून सासूबाईंनी आपल्या कामाचं तेवढं उचललं. “खोकते तं खणखणीत,” त्या म्हणाल्या. “मंग बोलाच्याच टायमाले काय होते इले?”

त्यांच्या या प्रश्नामागे एक नथ होती. ती सांगितल्याशिवाय माझं दुखणं कळायचं नाही.

आमच्या चिखलीच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. थोरल्या महालक्ष्मीला सासूबाईंची नथ घालतात. त्या वर्षी विसर्जनानंतर दागिने उतरवले आणि नथ काही सापडेना. सासूबाईंनी आम्हा सगळ्या बायकांना देव्हाऱ्यासमोर बोलावलं आणि एकेकीला विचारलं, “तू घेतली काय?” जाऊबाई म्हणाल्या, नाही. नणंद म्हणाली, नाही. भांडेवालीही नाहीच म्हणाली. शेवटी माझी पाळी आली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. मी तोंड उघडलं आणि आवंढाच आला. तो गिळून बोलायला गेले तर घशातून फक्त वारा. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही.

चोराच्या मनात चांदणं, असं घरात कोणी उघड म्हटलं नाही. पण माझ्यापुढून जाताना जी ती आपला बांगड्यांचा हात पदराखाली घ्यायची.

शंका त्यांनाच येत होत्या असं नाही. मीही काही कमी नव्हते. कोणाचा गळा बंद करायचा असेल तर त्याला शेंदूर खाऊ घालतात, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. नथ हरवण्याच्या आदल्या संध्याकाळी जाऊबाईंनी मला आग्रहाने दूध दिलं होतं. माझी आई सुलतानपूरहून भेटायला आली, तिनेही कानाशी लागून तेच विचारलं. त्यानंतर मी जाऊबाईंच्या हातचं पाणीही घेईनाशी झाले.

सगळ्यात वाईट शंका तिसरी होती, आणि ती माझीच माझ्यावर होती. खोकला येतो, शिंक येते, झोपेत कण्हते असं म्हणतात, मग शब्द का येत नाही? मी मुद्दाम तर करत नाही ना? ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगून ठेवते, ही शंका येतेच. ती आली म्हणजे तुम्ही सोंगाडे आहात असं नाही. सोंग करणाऱ्याला आपण सोंग करतोय हे पक्कं ठाऊक असतं.

काढे झाले, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध चघळून झालं. मग सर्व्हिस मोटारीने मला बुलढाण्याला आणलं. डॉक्टरांनी ऑब्झर्वेशनसाठी, म्हणजे नजरेखाली ठेवण्यासाठी, बायकांच्या वॉर्डात भरती करून घेतलं. फरक नाही पडला तर नागपूरला पाठवू, म्हणाले. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोठ्या दवाखान्याचं नाव निघालं की नागपूरच.

आमचे हे चिखलीला मास्तर आहेत. शाळा होती, म्हणून त्यांना परत जायचं होतं. निघताना ते आपल्या जोड्यांकडे पाहत म्हणाले, “आई म्हणते, इथून हिला सुलतानपूरलेच सोडून देऊ. तू एकदा नाही म्हन ना. एकच शब्द तं पाहिजे.” मला ओरडावंसं वाटलं. मी पाटीवर लिहून देते अशी खूण केली. “लिहिलेलं ती मानत नाही,” ते म्हणाले. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, आणि लिहिणाऱ्यांवर त्यांचा विश्वासही नव्हता.

माझ्यासोबत राहायला सासूबाई स्वतःहून तयार झाल्या. मला वाटलं, पहारा करायला राहिल्या. तसं होतंही. मी पडले असताना त्या मागून यायच्या आणि माझ्या कानाशी पितळेचा तांब्या फरशीवर आपटायच्या. मी दचकून ओरडेन आणि पकडली जाईन, असा डाव. मी दचकायची, तोंड उघडायची, आणि हवाच यायची. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेल्या कौतिकाबाई होत्या, देऊळगावकडच्या. एकदा त्याच म्हणाल्या, “अवो बाई, सोंग असतं तं आत्ता वरडली नसती काय? माह्या तं जीवच गेला असता.” त्या दिवसापासून तांब्या आपटणं थांबलं.

ते भुलाबाईचे दिवस होते. संध्याकाळी दवाखान्यामागच्या क्वार्टरांतल्या मुली मातीच्या भुलाबाई-भुलोबाला घेऊन वॉर्डाच्या ओसरीत यायच्या आणि टिपऱ्यांवर गाणी म्हणायच्या. लग्न झालेल्या बाईला ही गाणी ऐकली की माहेर आठवतंच. वॉर्डातल्या बायका खाटांवरूनच दुसरी ओळ धरायच्या. कोणाचं पोट दुखत होतं, कोणाला ताप होता, एकीचं मूल गेलं होतं. सगळ्यांचा मिळून आवाज काही गोड नव्हता. पण एका संध्याकाळी त्या ओसरीत औषधाचा वास असतानाही मला अंगण दिसायला लागलं, सुलतानपूरचं, शेणाने सारवलेलं. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी गुडघ्यावर ठेका धरून बसले होते.

कौतिकाबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. “पोरी,” त्या म्हणाल्या, “तू म्हनून राह्यली.”

मी थांबले आणि मग मलाही कळलं. बोलायला गेले, हवा. पण आधीची ओळ मी म्हटली होती. सगळ्यांच्या आवाजात माझा होता.

सासूबाईंनीही ऐकलं होतं. आनंद व्हावा असा तो क्षण, पण मी आधी त्यांच्याकडे पाहिलं. “मले ठाऊकच होतं,” त्या म्हणाल्या. “इचारलं तं तोंडाले कुलूप, अन् गाण्याले मोकळी.”

सकाळी राउंडला डॉक्टर आल्याबरोबर सासूबाईंनी माझी तक्रार केली. “इले घरी सोडा. रात्री गाणं म्हने. उगीच तुमची खाट अडवून बसली.”

डॉक्टर चक्क हसले. “गायल्या? मग अर्धं काम झालं,” ते म्हणाले. “या आजारात असं होतं, मी पाहिलं आहे. बोलताना माणूस एकटा असतो. सगळ्यांबरोबर गाताना कोणी त्याच्या तोंडाकडे पाहत नाही, मग गळा आपोआप मोकळा होतो. का होतो, ते विचाराल तर मलाही पुरतं माहीत नाही.” मग त्यांनी उपचार सांगितला. आधी ओळ गायची. मग तीच ओळ चाल न लावता म्हणायची. मग बोलायचं. “पण यांनी एकटीने नाही करायचं. सोबत कोणीतरी हवं,” आणि ते सासूबाईंकडे पाहत राहिले.

“मी?” सासूबाई म्हणाल्या. “या वयात मले भुलाबाई म्हनाले लावता?”

भुलाबाईची निम्मी गाणी सासूच्या तक्रारींची असतात. ती गाणी आमच्या सासूबाईंना माझ्यासोबत म्हणावी लागली. त्यांचा अजून संशय होताच, म्हणून त्या माझ्या तोंडासमोर तोंड आणून बसायच्या, मी कुठे चोरी करते का ते पाहायला. त्या ओळ उचलायच्या, मी मागून धरायची. सासूला दुष्ट म्हणायची जागा आली की त्या आवाज बारीक करायच्या आणि मी मोठा करायची. कौतिकाबाई खाटेवर तोंडावर पदर घेऊन हलायच्या. सासूबाईंचा आवाज इतका बारीक आणि सुरेल असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघींनी मिळून कधी काही म्हटलंच नव्हतं.

काही दिवसांनी गायलेली ओळ बोलता येऊ लागली, घोगरी, तुटक. एका दुपारी सासूबाईंनी ओळ म्हटली आणि मी माझी म्हणण्याऐवजी, त्याच दमात, म्हणून टाकलं, “आत्याबाई, नथ मी नाही घेतली.”

वॉर्डातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. याच एका वाक्यावर मी चिखलीला जाणार की सुलतानपूरला, ते ठरायचं होतं.

“मंग तवा काऊन नाही बोलली?” सासूबाईंनी विचारलं.

“निघालंच नाही.”

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तेवढ्यात शेजारून कौतिकाबाई म्हणाल्या, “मीबी नाही घेतली.”

पलीकडच्या खाटेवरची तापाची बाई म्हणाली, “मीबी नाही.” मग तिच्या पुढची, मग दाराजवळची. जिचं मूल गेलं होतं आणि जी आल्यापासून कोणाशी बोलली नव्हती, तीही भिंतीकडचं तोंड वळवून म्हणाली, “मीबी नाही घेतली बाई.” बघता बघता सगळा वॉर्ड एका चालीत तेच म्हणू लागला. दवाखान्याची आया दारात उभी राहून हसत होती.

“मंग काय मीच घेतली?” सासूबाई म्हणाल्या.

“हाव,” कौतिकाबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या, खांदे हलत होते. मग जरा रडल्याही. संध्याकाळी त्यांनी यांना निरोप धाडला की मोटारीत चिखलीच्या दोन जागा धरल्या आहेत.

डॉक्टरांचे उपकार आहेतच. त्यांनी मला सोंगाडी म्हटलं नाही आणि भाबडेपणाने कीवही केली नाही. पण त्याहून जास्त मी त्या वॉर्डातल्या बायकांचं देणं लागते. त्यांनी नथ पाहिली नव्हती, माझा स्वभाव त्यांना माहीत नव्हता, मी घेतली की नाही हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. तरी त्यांनी आपला आवाज माझ्या आवाजाशेजारी आणून ठेवला. तुमचा कोणाचा आवाज असा गेला, तर औषधं जरूर घ्या, पण चार बायका गात असतील तिथे जाऊन बसा. तोंड उघडलं नाही तरी चालेल.

नथ आजवर सापडलेली नाही. जाऊबाईंनी दिलेलं दूध मी अजूनही आधी वास घेऊन पिते, खोटं कशाला सांगू. यंदाही अंगणात मुली भुलाबाई घेऊन आल्या, तेव्हा सासूबाईंनी पहिली ओळ उचलली आणि माझ्याकडे पाहिलं, मी दुसरी धरली. त्यांच्या मनात माझ्याबद्दल संशय उरला आहे की नाही, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. विचारलं तर त्यांना एकटीने उत्तर द्यावं लागेल.