वाटणीचं सरबत

उन्हाळा काही एका दिवसात माणूस मारत नाही. आधी तो घसा वाळवतो, मग बोलणं, आणि मग मन.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोनच माणसं राहत, लाँड्रीत इस्त्री करणारी सून आणि तिचा सासरा. दोघांना जोडणारा तिचा नवरा तापाने गेला होता, तरी त्यांनी एकमेकांना टाकलं नाही. म्हाताऱ्याची उभी हयात ट्रक हाकण्यात गेलेली. मांडीचं हाड मोडल्यापासून खिडकीजवळची खाट हीच त्याची गाडी. संडास गॅलरीच्या पार टोकाला. तिथवर जायचं तर कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकावा लागे. दिवसा शेजारणीच्या, रात्री सुनेच्या.

उन्हं तापली तसं डॉक्टरांनी बजावलं, म्हाताऱ्याला भरपूर पाजा, नाहीतर मूत्रपिंडं दगा देतील. तेव्हापासून ती कामाला निघण्याआधी काचेचा एक जग भरून सरबत करी. लिंबू, साखर, मीठ आणि हाताने चुरडलेला पुदिना. जगाला ओलं फडकं गुंडाळून त्याच्या हाताशी ठेवी. संध्याकाळी येऊन बघावं तर जग रिकामा. तिला वाटे, चला, एवढं तरी हाताला यश आहे.

"कसं झालं होतं?" ती विचारी.

"मीठ जरा हात राखून घाल. मला काही लोणच्यासारखं मुरवायचं नाहीये."

ती हसे. दिवसभर वाफेत शिजून आलेल्या बाईला तेवढं हसू पुरे.

पण म्हातारा उतरतच चालला. डोळे खोल गेले, जीभ जड झाली, पाय गार पडू लागले. खिडकीत नवऱ्याने लावलेलं गुलाबाचं झाड होतं, त्याच्याही पानांच्या कडा करपल्या. तिने उन्हाला शिव्या घातल्या आणि झाडाला पाणी वाढवलं.

एका दुपारी लाँड्रीचा बॉयलर बंद पडला आणि ती लवकर घरी आली. दार लोटलं तर म्हातारा खाटेवरून वाकून जग गुलाबाच्या कुंडीत ओतत होता. मातीवर मिठाचा पांढरा थर चढला होता.

ती खाटेच्या कडेला टेकली आणि का, एवढंच तिने विचारलं.

म्हाताऱ्याने रिकामा जग खाली ठेवला. मग म्हणाला, "ड्रायव्हर पाणी बेतानं पितो. गाडी मध्येच थांबवायची नसते. प्यायलो की उठावं लागतं, पोरी. आणि रात्री तू मला धरून चालतेस ना, तेव्हा तुझे गुडघे वाजतात. मला ऐकू येतात ते."

ती तरी काय वेगळं करत होती? लाँड्रीतला संडास दोन जिने खाली. टेबल सोडलं की मुकादमीण टोमणा मारी, निघाली राणीसाहेबांची स्वारी. त्या टोमण्याच्या धाकाने साऱ्या बायका सकाळपासून तोंड कोरडं ठेवून इस्त्री ओढत. एकाच घरात दोन माणसं एकमेकांना कळू न देता तहान गिळत होती.

त्याच संध्याकाळी तिने त्याला दवाखान्यात नेलं. पण वेळ निघून गेली होती. मूत्रपिंडं बसली होती. डॉक्टरांनी आता सगळं उलटं सांगितलं. पाणी मोजूनमापून द्या, सरबत अगदी बंद, नाहीतर पाणी अंगातच साठेल.

आणि म्हाताऱ्याला आताच खरी तहान लागली. ज्याने आपणहून पाणी नाकारलं, तो आता तान्ह्या पोरासारखा रिकाम्या जगाकडे बघत बसे. ती ओलं फडकं त्याच्या ओठांवरून फिरवी. तो ते फडकं चोखायचा, आणि ती तोंड फिरवायची.

एका सकाळी तो म्हणाला, "सरबत कर."

"तुम्हाला चालत नाही, बाबा."

"मला नकोच. माझ्या वाटणीचं तू पी. इथं, माझ्यासमोर. उरलेलं कामावर ने."

"मुकादमीण बोलते."

"तिला सांग, सासरा खाष्ट आहे. संध्याकाळी रिकामी बाटली मागतो."

तिने सरबत केलं. पेला तोंडाला लावला. ती एकेक घोट घेत होती, आणि खाटेवर म्हाताऱ्याचा वाळलेला कंठ तिच्या घोटाबरोबर वरखाली होत होता.

"मीठ?" त्याने विचारलं.

"जास्तच पडतं माझं," ती म्हणाली, आणि पेला रिकामा केला.