खोक्यावर देशाचं नाव असतं

द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये दिवसभर टेबलाखाली मणी पडत राहतात. कुणी बघत नाही. संध्याकाळी झाडू मारला की हा ढीग निघतो! किश्श्यांचंही तसंच आहे. पन्नास बायका एका हॉलमध्ये, हातात कात्री, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. पण मास्कनं कधी बाईचं तोंड बंद झालंय का? मी सुनंदा, पिंपरी पेंढारच्या आमच्या पॅकहाऊसची सुपरवायझर. परदेशी जाणारी द्राक्षं आम्ही इथं खोक्यांत भरतो. शेजारीण विचारते, "सुनंदे, तिथं काय, नुसती द्राक्षं भरत बसता व्हय?" आता तिला काय काय सांगू! तुम्हीच ऐका.

*

सव्वीस जानेवारीला आमच्या मालकांनी, म्हणजे आप्पांनी, झेंडावंदनाला तालुक्यातले एक पुढारी बोलावले. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं आणि साहेबांनी माईक धरला.

"बंधू-भगिनींनो, जगात देशाची मान कशानं उंच होते?"

आम्हाला वाटलं, खरंच विचारतायत. दोघी-तिघींनी हात वर करायची तयारीही केली. पण साहेब स्वतःच सांगत सुटले. सैन्य, रॉकेट, उंच उंच इमारती, रुंद रुंद रस्ते... यादी काही संपेना. ऊन वर आलं. तिकडे कंटेनर दार उघडून उभा, आणि माल कोल्ड रूममधून बाहेर काढून ठेवलेला.

आमचे कोल्ड रूमवाले युसूफभाई जुन्नरचे. माणूस शांत, पण थंडीच्या बाबतीत त्यांच्याशी मस्करी नाही. ते सरळ स्टेजपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमचं झालं असंल तर देश गाडीत भरायचाय. ऊन लागतंय त्याला."

आप्पांना असा ठसका लागला की पाणी आणावं लागलं!

पण युसूफभाई काही खोटं बोलले नव्हते. आमच्या प्रत्येक खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात देशाचं नाव छापलेलं असतं. गावाचं नाव बारीक. आणि भरणाऱ्या बाईचा नुसता नंबर.

*

एकदा माल घेणाऱ्या कंपनीकडून तपासणीला एक मडम आली. गोरीपान, उंच, आणि नजर घारीची. बरोबर मराठी-इंग्रजी करणारा दुभाषा. तिनं हॉल बघितला, हात धुवायची जागा बघितली, आमच्या बांगड्या उतरवलेल्या बघितल्या. मंगळसूत्र चिकटपट्टीनं झग्याच्या आत चिकटवलेलं, तेही बघितलं. मग छताकडे बघून म्हणाली, "इथं कॅमेरे नाहीत. मग या बायका काम करताना द्राक्षं खात नाहीत, हे कशावरून?"

आप्पांना घाम फुटला. बोलल्या कोण? हौसामावशी! साठी गाठलेली बाई, काठीसारखी ताठ, आमच्यात सगळ्यात जुनी. घड फिरवता फिरवता, मान वर न करता म्हणाल्या, "तिला म्हनावं, माजं म्हायेर आहुपं. आमच्याकडं देवाच्या रानातली वाळकी काटकी सुदीक कुणी घरी नेत न्हाई. तितं कुटं कॅमेरा हाय?"

दुभाष्यानं सांगितलं. मडम मावशींच्या टेबलापाशी आली. मग हळूच विचारलं, "पण खावंसं वाटत नाही का?"

"लई वाटतं की! म्हून तर तोंडाला फडकं बांदलंय!"

मडम हसली. तपासणीत पास झालो.

*

हा किस्सा हसायचा नाही.

ज्ञानूभाऊंचा काळ्या द्राक्षांचा प्लॉट म्हणजे नजर लागावी असा. त्यांचा माल भरून झाला होता. शेवटची खोकी कंटेनरमध्ये चढत होती, तेवढ्यात हे गृहस्थ मोटारसायकलवर आले ते चप्पल न घालताच.

"आप्पा, माझा माल उतरवा. काढणीआधी फवारणी बंद ठेवायच्या दिवसांत धाकट्या पोरानं औषध मारलंय. मला आत्ता बोलला."

आप्पांचा चेहरा पडला. "अरे बाबा, तुझा नमुना आधीच पास झालाय. रिपोर्ट आहे माझ्याकडं. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

मलाही राग आला, खोटं कशाला बोलू? सकाळपासून उभ्या होतो, पाय भरून आले होते, आणि आता सगळं उलटं करायचं! युसूफभाई म्हणाले, "भाऊ, तिकडं तुला कोण वळखतंय?"

"कुणीच नाय. उद्या तिकडं एखादं लेकरू आजारी पडलं, तर ज्ञानूनं केलं असं कुणी म्हणणार नाय राव. खोक्यावर काय छापलंय, तेच म्हणतील."

आम्ही माल उतरवायला लागलो. आप्पांना माणसाची दया आली. ते म्हणाले, "ज्ञानू, निदान नारायणगावच्या मार्केटला तरी घाल."

ज्ञानूभाऊंनी त्यांच्याकडं असं बघितलं की आप्पांनीच नजर खाली घातली.

"का? हितली पोरं काय दगडाची हायेत?"

सगळा माल त्यांनी बांधाकडेला खड्डा घेऊन पुरला. झेंडावंदनाच्या त्या साहेबांच्या यादीत हे काही नव्हतं.

*

आता मंदाबद्दल सांगायला हवं. मंदा ही हौसामावशींची सून. त्यांना आत्याबाई म्हणायची. पोरगी हाताची इतकी हलकी की घडावरची भुकटीसारखी पांढरी लव पुसली जायची नाही. नवरा दोन वर्षांपूर्वी टेम्पोच्या अपघातात गेला. घरात आता या दोघीच. सासूही विधवा, सूनही विधवा. मावशींचा नवरा तर मुलगा रांगत होता तेव्हाच गेलेला. त्यांच्या कपाळावर हिरवं गोंदण तेवढं. कुंकवाचं बोट त्यानंतर लागलं नाही.

संक्रांतीनंतर आम्ही पॅकहाऊसमध्येच हळदीकुंकू करतो. सगळ्या बायका ओळीनं बसल्या, आणि मावशी मंदाला घेऊन लांब, रिकाम्या क्रेटवर जाऊन बसल्या. मी कुंकवाचा करंडा घेऊन मुद्दाम तिकडं गेले. मंदाच्या कपाळाकडं बोट नेलं, तर मावशींनी माझं मनगट धरलं.

"सुनंदा. रीत हाय."

"कसली रीत, मावशी? पोरीचं वय बघा!"

"माजं वय किती व्हतं तवा? मी पाळलीच की."

मंदानं मान खाली घातली आणि नुसता तिळगूळ घेतला. माझी तर तळपायाची आग मस्तकाला गेली. युसूफभाईंना म्हटलं, "ही म्हातारी म्हणजे नुसता धोंडा आहे, धोंडा!" ते कोल्ड रूमच्या दाराची रबरं तपासत राहिले.

*

आणि मग तो फोटो आला.

परदेशातल्या कुठल्याशा दुकानातून कुणीतरी आमच्या खोक्यातला एक डबा घरी नेला होता. उघडला, तर काळ्याभोर मण्यावर एक मरून रंगाची टिकली! अगदी मधोमध चिकटलेली. मोबाईलवर फोटो हॉलभर फिरला आणि बायका हसून हसून वाकल्या. "अगं बया, द्राक्षाचं लगीन लागलं!"

आप्पा आत आले आणि हसणं थांबलं.

"हसा! तिकडं पुढचा माल अडवून धरलाय त्यांनी. घाण माल पाठवणारा देश, असं लिवलंय खाली. देशाचं नाव गेलं एका टिकलीपायी! नियम ठाऊक आहे ना? जिची चूक, ती सीझनभर घरी."

त्या खोक्यावरचा भरणारीचा नंबर त्यांनी वाचून दाखवला. नंबर मंदाचा होता.

दारात रोज प्रत्येकीचं कपाळ मी स्वतः बघते. टिकली असली की काढायला लावते. पण जिच्या कपाळावर काही नसतंच, तिचं काय बघायचं? मंदाकडं मी कधी वळून बघितलंच नव्हतं. आता बघितलं, तर तिचा हात आपसूक टोपीकडे, कपाळाशी गेलेला. चेहरा पांढराफटक. मला सगळं कळलं.

पुढं तिनंच मला सांगितलं. टिकली ती मोबाईलच्या कव्हरमागं चिकटवून आणायची. आत आल्यावर बाथरूमच्या आरशात बघून लावायची आणि टोपी भुवयांपर्यंत ओढायची. घरी जाताना परत कव्हरमागं. एकच टिकली, रोज लावून काढून तिचा गोंद गेलेला. ती बोलायला तोंड उघडत होती. काम तर जाणारच होतं. पण सासूसमोर, पन्नास बायकांसमोर हे बोलायचं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार!

"आप्पा, टिकली माजी हाय."

हौसामावशी. कात्री टेबलावर ठेवून उभ्या.

"तुमची?" आप्पा म्हणाले. "नंबर तर मंदाचा आहे."

"त्या दिवशी ती जेवाया गेली व्हती. तिच्या टेबलावर मीच बसले व्हते."

सगळ्या हॉलनं त्यांच्या कपाळाकडं बघितलं. तिथं गोंदण, आणि सुरकुत्या. आप्पाही बघत राहिले. अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही... टिकली?"

"का? म्हातारीनं लावू नये व्हय?"

कुणी हसलं नाही. आप्पांनी घसा खाकरला. म्हणाले, "चूक आमची, बाई आमची, असं कंपनीला कळवतो." आणि बाहेर गेले. नियमाप्रमाणे मावशींनी झगा उतरवला, घडी घालून माझ्या हातात दिला. मंदाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चपला घालून फाटकाबाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम झाला. दारात मोठा आरसा लावला. आत येताना माझ्यासमोर प्रत्येकीनं टिकली काढून आरशावर चिकटवायची आणि जाताना आपापली न्यायची.

बायकांचा टेम्पो आला. एरवी कलकलाट असतो, त्या दिवशी चिडीचूप. सगळ्यात शेवटी मंदा उतरली, एकटी. कपाळावर टिकली. नवीकोरी, रुपयाएवढी, लालभडक. गावातून तशीच आली होती.

तिनं ती नखानं हळूच काढली आणि आरशावर, सगळ्यांच्या ओळीत, दाबून चिकटवली.

"ताई, संध्याकाळी आठवणीनं द्या हां. आत्याबाई म्हनल्यात, येशीपासनं घरापतुर लावूनच चालत ये."